सिस्टर वाघमारे आणि हाकोदातेची ऑफ-ड्यूटी

सिस्टर वाघमारे गेल्या तेव्हा कार्डिफच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा झाली. बुद्धवंदना झाली, चहा झाला, मग लोक दोन-दोन शब्द बोलायला उठले. त्यात एक गृहस्थ माईक धरून म्हणाले, "सिस्टर म्हणजे अत्यंत शांत आणि सोशिक व्यक्तिमत्त्व." मी खुर्चीत ताठ झाले. शेजारी त्यांच्या वॉर्डातली जुनी हेल्थकेअर असिस्टंट मेगन बसली होती. तिला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी तिने माझ्या हातावर हात ठेवला. माणूस गेला की लोक त्याला लगेच इस्त्री करायला का घेतात, मला कळत नाही. एक सुरकुती म्हणून शिल्लक ठेवत नाहीत.

शांत म्हणे. शकुंतला वाघमारे रागीट होत्या, भयंकर रागीट, आणि त्यांच्या रागावर निदान शंभर माणसांची आयुष्यं जरा सरळ झाली असतील. तो राग काढून घेतला तर मागे उरतं काय? एक नेव्ही ब्लू कार्डिगन आणि त्याला उलटं लावलेलं घड्याळ. रिटायर झाल्यावरही ते घड्याळ त्यांनी काढलं नाही. टेस्कोत दूध आणायला जातानासुद्धा ते छातीवर लटकत असायचं.

त्या मूळच्या भुसावळच्या, रेल्वे कॉलनीतल्या. नर्सिंग करून तरुणपणीच इकडे आल्या आणि कार्डिफच्या एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर झाल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. आमची ओळख फोनवर झाली. मी सांगत होते की सँपल खराब आलंय, पुन्हा पाठवा, सिस्टीम रिजेक्ट करतेय. पलीकडून इंग्लिशमध्ये प्रश्न आला, "कोण रिजेक्ट करतंय?" मी म्हटलं, सिस्टीम. मग एकदम मराठीत, "सिस्टीमला आई-बाप नसतात का गं? कोणीतरी बसवलीच असेल ना ती. नाव सांग." माझ्या इंग्लिशवरूनच मी ठाण्याची हे त्यांनी ओळखलं होतं.

हे त्यांचं पालुपद होतं. पार्किंगचे नियम बदलले, कौन्सिलने बस बंद केली, कोणी नुसतं "काय करणार, सगळं असंच आहे" म्हटलं, की त्या मान वर करून विचारायच्या, "कोण? नाव सांग." रागवायचं तर नावानिशी रागवावं, मोघम रागवणं म्हणजे वारा घालणं, असं त्यांचं म्हणणं. आणि नाव कळलं की त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहायच्या. पाच फुटांच्या आत होत्या, पण समोरचा वाकून बोलायला लागायचा.

इथल्या मराठी मंडळाच्या एका संक्रांतीला एका काकूंनी तिळगूळ देता देता त्यांना विचारलं, "वाघमारे म्हणजे कुठले हो?" आता हा प्रश्न गावाचा नसतो, हे आपल्याला सगळ्यांना कळतं. सिस्टरनाही कळलं. "भुसावळचे," त्या म्हणाल्या. "तसं नाही, म्हणजे मूळचे?" "जंक्शनचे." सिस्टरनी तिळगूळ तोंडात टाकला, "छान झालाय" म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "महार आहोत आम्ही, बाबासाहेबांनी बौद्ध केलं. रेसिपी देणार का?" पुढच्या वर्षी त्या काकूंनी त्यांना डबा भरून तिळगूळ घरी आणून दिला. सिस्टरनी तो घेतला. राग संपला की त्या तो धरून बसायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांना सहनच व्हायची नाही. वॉर्डावर नवी मॅनेजर आली आणि तिने स्टाफ रूमच्या दारावर नोटीस लावली, की सफाईवाल्यांनी इथले कप वापरू नयेत, त्यांची वेगळी व्यवस्था आहे. वेगळी व्यवस्था म्हणजे बादल्या आणि मॉप ठेवायची खोली. आपला कप आणि सँडविच घेऊन सिस्टर मॉपच्या खोलीत गेल्या आणि उलट्या बादलीवर बसून जेवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मोठ्या डॉक्टरला, कन्सल्टंटला, काही विचारायचं असलं तर त्याला तिथे यावं लागायचं, ब्लीचच्या वासात. नोटीस किती दिवस टिकली मला आठवत नाही, फार नाही. नंतर मी विचारलं, नुसतं जाऊन बोलला असतात तर? त्या म्हणाल्या, "वेगळा कप म्हटलं की मला पुढचं ऐकू येत नाही गं."

आणि ऑफ-ड्यूटी. इथल्या जुन्या नर्सेस ड्यूटीच्या वेळापत्रकाला ऑफ-ड्यूटी म्हणतात. कामाच्या यादीला सुट्टीचं नाव का, कोणास ठाऊक, पण म्हणतात. सिस्टर ती स्वतः करायच्या. ईद कोणाची, दिवाळी कोणाची, कोणाच्या पोराचं शाळेत ख्रिसमसचं नेटिव्हिटी प्ले आहे, सगळं डोक्यात. ख्रिसमसला त्या स्वतः कामावर, चौदा एप्रिलला स्वतः सुट्टीवर, बाकी सगळ्यांना पाळीपाळीने. "मला कुठल्याही वॉर्डाची ऑफ-ड्यूटी दाखव," त्या म्हणायच्या, "कोण कोणाला दाबतंय ते मी सांगते."

तर अशा बाईंना मी जपानला घेऊन गेले. खरं म्हणजे त्यांनी मला नेलं. लंका, नेपाळ, बोधगया सगळं झालं होतं. "बुद्धाचे गरीब देश बघून झाले, आता एक श्रीमंत बघू या," म्हणाल्या. गुडघ्यांमुळे चालणं नको म्हणून क्रूझ घेतली, आणि एकटीला केबिन महाग पडते म्हणून मी. हीथ्रोहून टोकियो, मग योकोहामाहून बोट. बोटीचं नि कंपनीचं नाव लिहीत नाही. सिस्टरना हे बिलकुल आवडलं नसतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवून केबिनमध्ये आलो आणि सिस्टर पलंगापाशी थांबल्या. उशा बघत होत्या. जुन्या नर्सेसचा एक नियम असतो, अभ्र्याचं उघडं तोंड दरवाज्याकडे येता कामा नये. इथे दोन्ही उशांची तोंडं बरोब्बर भिंतीकडे होती. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. केबिनचा स्टुअर्ड बाहेरच ट्रॉली घेऊन उभा होता. पन्नाशीचा, काळासावळा, गुडघ्यात जरा वाकलेला. बिल्ल्यावर नाव हॅरी. सिस्टर मराठीतच म्हणाल्या, "बारशाचं नाव काय?"

तो हसला. "हरिश्चंद्र चोगले, मॅडम. हर्णै. दापोलीजवळ."

"मॅडम नको. सिस्टर म्हण."

"म्हणजे बहीणच की," तो म्हणाला. त्यानंतर साऱ्या बोटीवर तो हॅरी होता आणि आमच्या केबिनमध्ये हरिश्चंद्र. सिस्टरनी पूर्ण नावाखेरीज त्याला कधी हाक मारली नाही.

कोळ्याच्या घरातला माणूस. अर्धं आयुष्य बोटींवर लोकांची अंथरुणं घालण्यात गेलेलं. गुडघे गेले होते, पुढच्या मेडिकलला पास होणार नाही म्हणून हे त्याचं शेवटचं कॉन्ट्रॅक्ट होतं. मी लहानपणी दापोलीला गेले की हर्णैचा मासळीचा लिलाव बघायला जायचे, हे ऐकल्यावर तर तो टॉवेल बदलता बदलता भरभरून बोलायला लागला. पुढचं पोर्ट हाकोदाते होतं. उत्तरेचं बंदर, मासेमारीचं. "सिस्टर, धक्क्यापासून चालत जाता येईल इतक्यावर मासळी बाजार हाय म्हणे. म्हाकूल जिवंत. टाकीतून आपण पकडायचं, ते कापून देतात." म्हाकूल म्हणजे स्क्विड. "इतक्यांदा या बंदरात आलो. खालच्या डेकवरून बोटी दिसतात, त्यांचे दिवे दिसतात. बाजार काही बघितला नाही. एकदा बघायचा होता, त्यांची मांडणी कशी असते ती."

"मग जा की. तुझी ऑफ-ड्यूटी कुठे आहे?"

"ऑफ-ड्यूटी नाय आम्हाला."

"ऑफ-ड्यूटी नाही? मग बोट चालते कशी?"

"ड्यूटी हाय म्हणून चालते, सिस्टर."

मला हसू येत होतं. शेवटी मी मध्ये पडून सांगितलं, की त्या यादीबद्दल विचारताहेत, सुट्टीबद्दल नाही. मग त्याने हळूच सांगितलं. बोट बंदरात असताना काही जणांना सुरक्षेसाठी बोटीवर थांबावंच लागतं. ते बरोबरच आहे. ती पाळी फिरती असायला हवी. पण त्याच्या सुपरवायझरच्या हिशोबात हाकोदातेला हॅरी, नागासाकीला हॅरी, कोबेला हॅरी. बोलणाऱ्यांच्या पाळ्या फिरतात, न बोलणाऱ्याची तिथेच राहते. "पण तुम्ही काय बोलू नका," तो म्हणाला. "शेवटचे महिने नीट जाऊ देत."

सिस्टरनी मान डोलावली. मला ती मान माहीत होती. तिचा अर्थ होकार नसतो.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरच होतो. त्या रिसेप्शनला गेल्या, मी मागे. बंदरातल्या ड्यूट्या कोण लावतं, एवढंच विचारलं. डेस्कवरची मुलगी गोड हसून म्हणाली, तशी कंपनीची पॉलिसी आहे. "अँड व्हॉट इज पॉलिसीज सरनेम, डिअर?" मुलीने तीनदा वेगवेगळे फोन लावले. शेवटी सुपरवायझर आला. नाव मला आजही पाठ आहे. परीटघडीचा गणवेश, दात पांढरे. पॅसेंजरच्या सुरक्षेला आमचं प्राधान्य, वगैरे. सिस्टर म्हणाल्या, मी सुरक्षेचं विचारत नाहीये, मी पाळीचं विचारतेय. आणि हेही सांगितलं की हरिश्चंद्रने तक्रार केलेली नाही, तक्रार माझी आहे, शिक्षा करायची तर मला करा. तो म्हणाला, बघतो काय करता येईल ते. हे वाक्य मी एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, शंभरदा ऐकलंय. काहीही करायचं नसतं तेव्हाच ते बोलतात.

हाकोदातेला सकाळी लागलो. स्वच्छ ऊन, बंदरामागे डोंगर, उताराचे रस्ते थेट पाण्यापर्यंत आलेले. आणि हरिश्चंद्र नेहमीसारखा आमच्या मजल्यावर ट्रॉली ढकलत होता. सिस्टरनी त्याला काही विचारलं नाही. खाली गेल्या, बाहेर पडायच्या दारापाशी जिथे कार्ड स्कॅन करतात तिथे एक खुर्ची होती, तिच्यावर बसल्या. गार्डला म्हणाल्या, "मी मिस्टर हरिश्चंद्र चोगलेंसाठी थांबलेय. ते उतरले की मी उतरेन."

माणसं त्यांना वळसा घालून उतरत होती. एक बाई त्यांचं कार्डिगन आणि घड्याळ बघून म्हणाली, मला उन्हासाठी एक छत्री आणून देता का? सिस्टर अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "सर्टनली, डिअर. विच बेड आर यू इन?" ती बाई पुढे निघून गेली. त्यात आमच्या टेबलावरचा समीर आला. मिल्टन कीन्सचा, आयटीतला, तसा सज्जन मुलगा. "सिस्टर, यू आर ऑन हॉलिडे. एन्जॉय करा ना. त्यांचा तो जॉबच आहे. साइन करूनच आलेत ते."

"तुझ्या जॉबमध्ये लंच ब्रेक असतो?"

"ऑफ कोर्स असतो."

"मग तो साइन करताना कोणीतरी आधी भांडलं होतं तुझ्यासाठी. जा, मासे बघून ये."

तो गेला. त्याचा मला त्या दिवशी इतका राग आला होता की जेवणाच्या टेबलावर मी मीठसुद्धा त्याच्याकडून घेतलं नाही. साइन करून आलेत. जणू पोट ही हौस आहे, आणि कागदावर सही केली की माणसाचे डोळे बघायचं विसरतात.

मलाही थांबायचं होतं. सिस्टरनी हाकललं. "दोघी बसलो तर मोर्चा वाटेल. मी एकटी बसले तर आजीबाई वाटते, ते त्यांना जास्त जड जाईल. तू जा. नीट बघ आणि मला सांग."

मग मी टुरिस्ट झाले. ट्राममध्ये बसले. दगडी उतार चढले, वरून बंदर बघितलं, निळं पाणी आणि त्यात पांढरीशुभ्र आमची बोट. लाल विटांची गोदामं, त्यात आइस्क्रीमची दुकानं. सगळं देखणं होतं आणि मला त्यातल्या कशाचंच काही वाटत नव्हतं. त्या बोटीतून इथे हजारो माणसं उतरतात, फोटो काढतात. ज्यांनी त्यांना आणलं, त्यांना टॉवेल मोजायचे असतात. आणि हे कोणाला खटकतही नाही.

बाजारात गेले ती दुपार होत आली होती. खेकडे थर्माकोलच्या खोक्यांत बर्फावर, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी. काचेची टाकी, तिच्यात म्हाकूल, पारदर्शक, डोळ्यांसकट. लहानशी काठी देतात, गळ टाकायचा. एक आजी हळू आवाजात काही सांगत होत्या, दर वाक्याच्या शेवटी "ने" लावत होत्या, अगदी आपल्या "ना" सारखा. मीही "हो ना" म्हणत राहिले, आमचं छान जमलं. कुठे टोपली नाही, लिलाव नाही, आरडाओरडा नाही. दवाखान्यासारखी शांतता. मी हे सगळं सिस्टरसाठी आणि हरिश्चंद्रसाठी डोळ्यांत भरून घेत होते. तेवढ्यात आजींनी टाकीवर झाकण घातलं. शेजारचं शटर खाली आलं. कोणीतरी पाइप लावून फरशी धुवायला लागलं. सकाळचा बाजार तो, दुपारी बंदच होतो. रोज होतो. त्या बंदरात नेमाने उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला ते माहीत असणार.

मी धक्क्यावर परत आले तर सिस्टर खाली बाकावर बसल्या होत्या, बोटीबाहेर. चेहरा फुललेला. "सोडला त्याला," त्या म्हणाल्या. "सुपरवायझर स्वतः आला. एक तास दिलाय. आत्ताच गेला बघ, तुला वाटेत दिसला नाही?" हरिश्चंद्र म्हणे इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तुम्हीही चला म्हणून मागे लागला होता. सिस्टरनी साफ नाही म्हटलं. "त्याची सुट्टी आहे. सुट्टीवर कोणी म्हाताऱ्या सांभाळत नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. बाजार बंद झालाय, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या माणसाने सकाळभर त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बाजार बंद झाल्यावर बरोबर दार उघडलं. नियमही पाळला, तक्रारही मिटवली, वर उपकारही केले. इतका हलकटपणा इतक्या पांढऱ्या दातांनी करता येतो. हरिश्चंद्रला पुढे काही त्रास झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. कॉन्ट्रॅक्ट पुरं करून तो घरी गेला. पण त्या दुपारचा माझा राग अजून गेलेला नाही आणि मला तो जायलाही नकोय.

तासाभराने हरिश्चंद्र आला. शर्ट अजून तसाच कडक. सिस्टरनी बाकावर जागा केली. "बस. बघितलास बाजार?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरकडे. "बघितला ना," तो म्हणाला. "काय सांगू सिस्टर. टोपल्या ओळीने मांडलेल्या. बायका पदर खोचून, एकेकीचा आवाज असा, की पार शेवटपर्यंत ऐकू जाईल. लिलाव चाललेला. बोटी आल्या की गाड्या थेट पाण्यात उतरतात, गुडघाभर. वर कावळे, खाली मांजरं. अगदी आपल्यासारखं."

तो हर्णै सांगत होता. मी लहानपणी बघितलेलं हर्णै, बैलगाड्यांसकट. जपानी बायकांना त्याने पदर खोचायला लावले होते.

"आणि म्हाकूल?"

"हातात घेतलं, सिस्टर. वळवळत होतं नुसतं."

"वा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पर्समधून खारीचं पाकीट काढलं, वेम्बलीहून आणलेलं, आणि त्याच्या ओंजळीत चार तुकडे ठेवले. ओंजळ क्षणभर आपल्या दोन्ही हातांत धरली. "खा. सकाळपासून उभा आहेस." त्याने उभ्या उभ्या खाल्ली, बोटं झटकली, "येतो सिस्टर, तास संपला," म्हणाला आणि शिडी चढून आत गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत सिस्टर तिकडे बघत होत्या. गाव त्यांच्या पाठीमागे होतं, डोंगर, ट्राम, सगळं. त्यांनी मान वळवली नाही. मग खारीचं पाकीट नीट दुमडून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "हाताला वास नव्हता गं मासळीचा." आणि पर्स बंद करत, "मला कळलंय ते त्याला कळू देऊ नकोस."